ताप नव्हे, ऊन लागले होते

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. टेमघरच्या आमच्या गल्लीत दोघा जणांनी एका माणसाला रिक्षातून उतरवून घरी आणले. लूमवर दिवसपाळीला गेलेला, वय पस्तिशीच्या आतबाहेर. त्याची बायको धावत आली. "सिस्टर, जरा येता का? यांना लई ताप आलाय."

आम्ही गेलो. अंगाला हात लावला तर चटका बसावा असे अंग. काखेत थर्मामीटर लावले, पारा 104 च्या वर. माणूस डोळे अर्धवट उघडे ठेवून काहीबाही बडबडत होता आणि आमचा हात झटकत होता. एक जण म्हणाला, "दुपारीच लावून आलेला दिसतोय." शेजारची आजी म्हणाली, "बाहेरचं काहीतरी झालंय त्याला, उतरून टाका." बाहेरचे काही नसते, हे आम्ही आजीला ठणकावून सांगितले. आपल्या वस्त्यांमधून अंगारे-धुपारे गेले याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या दिवशी आम्ही स्वतः जे केले ते अंगाऱ्यापेक्षा फारसे शहाणपणाचे नव्हते.

तो माणूस घामाने निथळत होता. आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकात उष्माघाताची खूण लिहिली होती : कातडी गरम आणि कोरडी. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, साधा ताप आहे, असे आम्ही ठरवून टाकले. पॅरासिटामॉलची गोळी दिली. ती गिळताना त्याला ठसका लागला. अंग थरथरते म्हणून कोणीतरी चादर घातली, ती आम्ही काढली नाही. मग रिक्षाची वाट बघत बसलो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला होता, आणि त्या पाऊण तासात त्याच्या अंगावर एक तांब्या पाणीसुद्धा कोणी ओतले नव्हते.

तो वाचला. कित्येक दिवस डायलिसिसवर होता. आज चालताना तोल जातो, जीभ जड झाली आहे आणि हात इतका थरथरतो की तुटलेल्या सुताला गाठ मारता येत नाही. लूमवरच्या माणसाला गाठ मारता आली नाही की त्याचे काम संपले. आम्ही त्याच्या घरी जाऊन आमचे काय चुकले ते सांगितले. त्यानंतर पुस्तके काढून पुन्हा वाचायला बसलो. ताप आणि ऊन लागणे यांत नेमका काय फरक आहे, आणि तो फरक मेंदूत कुठे असतो, ते या वेळच्या आरोग्याच्या पानावर मांडत आहोत.

आपण झोपतो तेव्हाही श्वास चालू असतो, हृदय चालू असते, खाल्लेले अन्न पुढे सरकत असते. यातले काहीही आपण आठवणीने करत नाही. ही सगळी कामे मेंदूचा खालचा आणि आतला भाग आपल्याला न विचारता करत असतो. त्यात अंगाची उष्णता सांभाळायचे काम मुख्यतः हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडे आहे. मराठी पुस्तकांत त्याला अधश्चेतक म्हणतात. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1400 ग्रॅमचा असतो, त्यात हा भाग जेमतेम 4 ग्रॅमचा, एखाद्या बदामाएवढा. दोन्ही भुवयांच्या मधून सरळ आत गेलो तर मेंदूच्या तळाशी तो सापडेल. त्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या पेशींना रक्त किती गरम आहे ते कळते.

इस्त्रीचे उदाहरण घ्या. इस्त्रीला फिरवायचे बटण असते. सुतीवर ठेवले की ती एका ठरावीक गरमीपर्यंत तापते आणि टक् आवाज होऊन बंद होते, थोडी निवली की पुन्हा चालू होते. मेंदूतल्या या भागाचेही तसेच आहे. त्याचे बटण 98.6 फॅरनहाइट म्हणजे 37 सेल्सिअसच्या आसपास लावलेले असते. रक्त त्याहून गरम झाले की मेंदू घाम सोडायला लावतो आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो. रक्त निवले की त्या वाहिन्या आवळतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर हुडहुडी भरवतो. हे सगळे हुकूम ज्या नसांमधून जातात त्यांच्यावर आपली इच्छा चालत नाही. हात वर करायचा म्हटले तर करता येतो, पण घाम थांबवायचा म्हणून कोणाला थांबवता येत नाही.

मेंदूत अशी जागा आहे हे कळायला बरीच वर्षे लागली. 1938 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात होरेस मॅगून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतला एवढासाच ठिपका बारीक सुईने गरम केला. मांजराचे बाकीचे अंग तापलेले नव्हते, तरी ते उन्हात धावून आल्यासारखे धापा टाकू लागले. म्हणजे अंग थंड करायचा हुकूम कुठून निघतो ती जागा सापडली. त्या चौघा संशोधकांत जॉन ब्रोबेक नावाचे एक जण होते. पुढे 1951 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात याच ब्रोबेक यांच्यासोबत आपल्या देशाच्या बाळकृष्ण आनंद यांनी भूक लागण्याची जागासुद्धा हायपोथॅलॅमसमध्येच आहे हे दाखवले. हे आनंद नंतर दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुक्या जनावरांवरचे हे प्रयोग वाचताना आम्हाला बरे वाटत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. पण त्यातून जे कळले ते वाया घालवणे त्याहून वाईट.

आमची समज पुरती बदलली ती मात्र अलीकडच्या एका कामाने. अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलँड शहर आहे. तिथल्या आरोग्य विद्यापीठात शॉन मॉरिसन हे मेंदूशास्त्रज्ञ शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कामांवर अनेक वर्षे संशोधन करत आले आहेत. त्यांच्यासोबत जपानचे काझुहिरो नाकामुरा काम करत होते. कातडीला गार किंवा गरम लागले ही खबर हायपोथॅलॅमसपर्यंत कोणत्या रस्त्याने जाते, हा त्यांचा प्रश्न होता. उंदरांवर काम करून त्यांनी 2008 मध्ये गार खबरेचा रस्ता दाखवला आणि 2010 मध्ये गरम खबरेचा. कातडीतून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, तिथून मेंदूच्या देठातली एक छोटी चौकी, आणि तिथून थेट हायपोथॅलॅमस.

यात नवे काय, असे वाटेल. नवे हे की आपल्याला "गरम होतंय" असे जे जाणवते त्याचा रस्ता वेगळा आहे. ती खबर दुसऱ्या वाटेने मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या भागात जाते. या दोघांनी उंदरांमध्ये ती जाणिवेची वाट तोडून पाहिली, तरी गार लागल्यावर अंग गरम ठेवायचे काम मेंदू करतच राहिला. म्हणजे जाणवणे आणि सांभाळणे या दोन तारा निराळ्या आहेत.

आपल्या वस्तीत ही गोष्ट रोज कामाची आहे. "आपल्याला सवय आहे, काही होत नाही," असे लूमवरचा कारागीर म्हणतो, गोदामात माल उचलणारा म्हणतो, पत्र्याखाली भाकरी थापणारी वहिनीही म्हणते. त्यांना जाणवत नसेल, खरे आहे. पण त्यांना जाणवत नाही म्हणून आतले काम हलके झाले असे होत नाही. आत हृदय किती जोराने चालले आहे, किती पाणी निघून चालले आहे, हे जाणिवेला विचारून कळत नाही. ते नाडी सांगते, लघवीचा रंग सांगतो. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, मग तहान लागलेली असो वा नसो.

सवय हा प्रकार मात्र अगदीच खोटा नाही. सात ते चौदा दिवस उष्णतेत काम केले की शरीर शिकते : घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण हे शिक्षण टिकत नाही. गावाकडे पंधरा-वीस दिवस सुट्टीला जाऊन आलेला माणूस, बाळंतपणानंतर कामावर परतलेली बाई, आजारातून उठलेला कारागीर यांचे शरीर पुन्हा पहिलीत बसलेले असते. त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी केली तर धोका सगळ्यात जास्त. त्या दिवशी रिक्षातून आलेला माणूस तीन दिवसांपूर्वीच गावाहून परतला होता. हे आम्ही तेव्हा विचारलेच नाही.

आता घामाचे बघू. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी असतात. कष्टाचे काम करणारा माणूस उन्हाळ्यात तासाला एक लिटर, कधी त्याहून जास्त घाम गाळतो. पण अंग थंड होते ते घाम सुकताना, नुसता सुटल्याने नाही. माठाचे पाणी असेच गार होते. नागपूर-अकोल्याकडचे आपले पाहुणे एप्रिलमध्ये इकडे आले की म्हणतात, "तुमच्याकडचा माठ काही गार होत नाही बघा." माठात खोट नसते. आपल्या हवेतच इतके पाणी असते की माठातून झिरपलेले पाणी सुकत नाही, आणि अंगावरचा घामही सुकत नाही. तो नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने शरीरातले पाणी आणि मीठ गेले, पण थंडावा मिळाला नाही. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागासाठी 40 अंशांपासून आणि किनाऱ्यासाठी 37 अंशांपासून करते. विदर्भात 44 असते, इथे 37 ला काय होते, असे म्हणणे म्हणूनच चूक आहे.

लूमच्या शेडमध्ये तर हे दुप्पट होते. सुती धागा कोरड्या हवेत जास्त तुटतो, म्हणून कित्येक ठिकाणी खिडक्या बंद. वर सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा. मोटरींची गरमी वेगळी. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी, म्हणजे पाणी प्यायला थांबलो तर कापड कमी. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने 1946 मध्ये कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला 48 वर आले. आठवड्याला सहा दिवस बारा तास म्हणजे किती होतात, हा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरे काम रक्ताचे. एरवी कातडीतून मिनिटाला पाव-अर्धा लिटरच रक्त फिरते. अंग फार तापले की मेंदू हा आकडा सहा-सात लिटरपर्यंत नेऊ शकतो. आतली उष्णता रक्ताबरोबर बाहेर आणून टाकायची, हा त्यामागचा उद्देश. पण रक्त तेवढेच आहे. कातडीला जास्त दिले तर आतड्याला, मूत्रपिंडाला कमी पडणार, आणि हृदयाला जोरात धावावे लागणार. उन्हात बराच वेळ उभे राहिलेला माणूस चक्कर येऊन पडतो तो यामुळेच. वयस्कर मंडळी, हृदयाचे आणि बीपीचे पेशंट, गरोदर बाया यांना आधी त्रास होतो त्याचेही कारण हेच. लघवी जास्त होण्याची गोळी, बीपीच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधे या यंत्रणेत अडथळा आणतात. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

आता मूळ प्रश्न : ताप आणि ऊन लागणे.

मलेरिया, टायफॉइड किंवा घशाचा संसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. ते मेंदूतल्या त्या इस्त्रीच्या बटणावर काम करते आणि बटण 37 वरून 39 वर सरकवते. मेंदूला आता 37 म्हणजे गार वाटते. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, गोधडी हवीशी वाटते. अंग तापलेले असते, पण ते मेंदूने ठरवून तापवलेले असते. 1971 मध्ये इंग्लंडचे जॉन वेन यांनी ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हे द्रव्य तयारच होऊ देत नाहीत हे दाखवले. पुढे 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पॅरासिटामॉलही ताप उतरवते ते मेंदूतले हेच द्रव्य कमी करून. बटण जागेवर येते, मग घाम फुटतो आणि ताप उतरतो.

ऊन लागलेल्या माणसाचे बटण सरकलेले नसते. ते 37 वरच असते. मेंदू जिवाच्या आकांताने अंग थंड करायला बघत असतो, पण बाहेरची गरमी आणि कामाची गरमी त्याला पुरून उरते. इस्त्री चुलीत टाकली आहे असे समजा. बटण कितीही खाली फिरवले तरी ती निवणार आहे का? गोळी फक्त बटणावर काम करते. म्हणून उष्माघातात पॅरासिटामॉलचा काहीही उपयोग नाही, उलट आधीच भाजलेल्या यकृतावर ती भार टाकते. इथे अंग बाहेरूनच थंड करावे लागते, पाण्याने आणि वाऱ्याने, आणि ताबडतोब.

आमची दुसरी चूक घामाची. कोरडी कातडी ही खूण बहुधा म्हाताऱ्या माणसांत दिसते, घरात पत्र्याखाली दोन-तीन दिवस तापत राहिलेल्यांत. काम करता करता कोसळलेला तरुण माणूस घामाने ओलाचिंब असू शकतो. तेव्हा घाम आहे की नाही यावर जाऊ नका. डोक्यावर परिणाम झाला आहे का ते बघा. अंग आगीसारखे, आणि माणूस असंबद्ध बोलतोय, ओळखत नाही, भांडतोय, झोकांड्या खातोय, झटके येताहेत किंवा बेशुद्ध आहे, तर उन्हाळ्याच्या दिवसांत तो उष्माघातच धरून चाला. दारू प्यायला म्हणून कोपऱ्यात झोपवून ठेवलेली माणसे अशाने गेली आहेत. आणि काखेत थर्मामीटर लावला तर तो आतल्या गरमीपेक्षा कमी दाखवतो, हेही लक्षात असू द्या.

अंग 104 च्या वर, म्हणजे 40 सेल्सिअसच्या पलीकडे जितका वेळ राहील तितके नुकसान वाढत जाते. लहान मेंदूच्या पेशी उष्णतेला फार लवकर बळी पडतात. तोल, बोलणे, हाताची नजाकत हे सगळे तिथून चालते. आमच्या गल्लीतल्या त्या माणसाचे नेमके तेच गेले. पहिल्या अर्ध्या तासात अंग 102 च्या आसपास आणता आले तर बहुतेक माणसे धडधाकट घरी येतात. म्हणून आधी थंड करायचे आणि मग न्यायचे, हा क्रम. 108 ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत हात बांधून बसायचे नाही.

कसे करायचे ते सांगतो. सावलीत आणा, कपडे सैल करा, जमतील तेवढे काढा. आपल्याकडे प्रत्येक घरावर पावसाळ्यासाठी ताडपत्री असते. ती जमिनीवर अंथरा, त्यावर माणसाला झोपवा, चौघांनी चार कोपरे धरून वर उचला म्हणजे मध्ये खोलगट होईल. त्यात पाणी ओता आणि बर्फ मिळाला तर टाका. मासळीवाल्या मावशीकडे किंवा सरबताच्या गाडीवर बर्फ असतोच. पाणी हलवत राहा, डोके पाण्याच्या वर धरा. ताडपत्री नसेल तर ओल्या चादरी बदलत राहा आणि जोरात वारा घाला. बर्फ थोडाच असेल तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघेत ठेवा, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या वर असतात. बाई असेल तर चार जणींनी साडीचा आडोसा धरावा. लाजेपायी कोणी कोरडे राहता कामा नये. शुद्ध नसलेल्या किंवा बरळणाऱ्या माणसाला तोंडाने पाणी देऊ नका, ते फुप्फुसात जाते. आम्ही गोळीबरोबर पाणी पाजले होते, तेव्हाचा ठसका आम्ही विसरलेलो नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी ओतले तर लकवा मारतो, अशी समजूत वस्तीत पक्की आहे. आमच्या आईचीही होती. उष्माघाताच्या माणसाला थंड पाण्यात बुडवणे हा आज सगळ्यात खात्रीचा उपाय मानला जातो, आणि शर्यतीत धावणाऱ्या खेळाडूंना कितीतरी देशांत असेच वाचवतात. खिशात कांदा ठेवल्याने मात्र काही होत नाही. कांदा खावा.

माणूस शुद्धीत असेल, फक्त थकवा, डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे एवढेच असेल, तर ती अलीकडची पायरी आहे. काम थांबवा, अंग ओले करा, पंख्याखाली बसवा, आणि घोटघोट ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. मीठ घातलेले ताक, लिंबू-सरबत, भाताची पेज हेही चालते. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा बोलणे बिघडले तर वर सांगितलेले सगळे सुरू करा.

पाणी प्या, हे सांगणे सोपे आहे. महिला मंडळात हे सांगितले तेव्हा कांडी भरायला जाणाऱ्या एका ताईने विचारले, "पाणी पिऊ हो, पण जायचं कुठं?" ती जिथे काम करते तिथे बायकांसाठी संडास नाही. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत ती पाण्याला तोंड लावत नाही, आणि तिच्यासोबतच्या बायाही लावत नाहीत. मेंदूने घामाचा हुकूम दिला तरी घाम आणायचा कुठून? लघवीची जळजळ, मुतखडा घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बायांमध्ये कांडीवाल्या किती असतात ते आम्ही बघतो. या ताईंनी मिळून मालकाकडे संडासाची मागणी केली आहे. मंडळाच्या दोघी त्यांच्यासोबत जाऊन आल्या. पुन्हा जाणार आहेत.

रात्रीचाही विचार करावा लागतो. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवले पाहिजे, तरच ते दुसऱ्या दिवशी उभे राहते. पत्र्याची खोली मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखी असते. अहमदाबादमध्ये मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1300 हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधले पत्रे पांढऱ्या रंगाने रंगवले गेले. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो, खोली काही अंशांनी निवते. चुन्याचा जाड हात दिला तरी एक उन्हाळा निघतो. आमच्या गल्लीत सहा घरांनी केले आहे. सातव्या घरचे म्हणतात, पावसात धुऊन जाईल. जाईल खरे, पण तोवर उन्हाळा गेलेला असेल.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आपल्या एप्रिल-मे महिन्यांची. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसे उघड्या मैदानात बसली होती. पारा 38 अंशांच्या आसपास होता. त्यात उन्हाचा त्रास होऊन 14 जणांचा जीव गेला. ती श्रद्धेने आलेली माणसे होती, ऊन जाणवले तरी उठणारी नव्हती. त्याच्या दोनच दिवस आधी आपली जयंती झाली होती. आपल्या मिरवणुकीतही पांढरी साडी नेसून पुढे चालणाऱ्या आज्या असतात, ट्रकच्या स्पीकरपुढे तीन-तीन तास नाचणारी पोरे असतात, निळा झेंडा धरून उभे राहिलेले समता सैनिक दलाचे जवान असतात. त्यांपैकी कोणीही मध्येच बाजूला होणार नाही. वैशाख पौर्णिमाही बहुतेक वेळा मे महिन्यातच येते.

म्हणून टेमघरला यंदा आम्ही मंडळाच्या बैठकीत काही गोष्टी ठरवून घेतल्या. मिरवणूक ऊन उतरल्यावर, साडेपाचनंतर निघेल. वाद झाला. तरुण मुलांचे म्हणणे होते की दुपारी निघालो नाही तर मोठ्या मिरवणुकीत आपला नंबर मागे लागतो. लागू दे, असे शेवटी ठरले. आज्यांसाठी एक टेम्पो असेल, त्याला वर कापड बांधायचे. पाण्याची पिंपे दोन ठिकाणी आणि ओआरएसची पाकिटे वाटणाऱ्या चार मुली. त्यांना वर लिहिलेल्या खुणा शिकवून झाल्या आहेत. विहाराच्या कपाटात एक मोठी ताडपत्री, दोन बादल्या आणि थर्मामीटर ठेवले आहे, आणि नळ येतो त्या वेळी बाहेरचे पिंप भरून ठेवायची पाळी लावली आहे. कपाटाची किल्ली विहारासमोरच्या पहिल्या घरात आहे, दिवसा आणि रात्रीही मिळते. जून येईपर्यंत ही ताडपत्री कोणी घराच्या पत्र्यावर टाकायला नेऊ नये, एवढी विनंती.